आईच्या कढीपत्त्यावर कधीच फवारलं नाही

दोस्तहो, आज मी बांधावरचा कढीपत्ता तोडला. माह्या आईच्या हातचा होता. ती गेल्यावर तेवढाच उरलता.

बोंडअळीनं कपाशी नेली म्हणून संत्रा लावला. यंदा त्याची पानं पिवळी पडली, फळं वाकडी झाली. आज कृषी सहायकानं कढीपत्त्याचं कोवळं पान उलटवून दाखवलं. बारीक सिला किडे! तिथं वाढतात अन् एका संत्र्याचा रोग दुसऱ्याले लावतात.

संत्र्यावर दरवेळी फवारलं. अख्खा मोहल्ला खाते म्हणून हेच झाड सोडत आलो. तुमच्या बांधावर असेल तर आजच पानं उलटून पाहा.

बाजूच्या वावरातल्या नूरचाची आल्या. पडलेली फांदी उचलून त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "बेटा, औषध तर नाही न मारलं?"

"नाही चाची. कधीच नाही."