डाउवेची साखळी

हार्लिंगेन बंदरावरच्या त्या लहान कचेरीत हिल्के यार्समाचे केस पिकले. समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेल्या, ओळख न पटलेल्या माणसांच्या नोंदी तिथे असत. ज्या प्रोग्राममध्ये त्या ठेवल्या जात, त्याची देखभाल हिल्के करी.

डेटाबेसला त्याच्या भाषेत लांबलचक प्रश्न लिहून द्यायची वेळ त्याच्यावर येत नसे. मध्ये दुभाष्याचं काम करणारी एक लायब्ररी होती. तिला एकेक अट सांगायची आणि एकीला दुसरी जोडत जायचं. उत्तरेकडचे किनारे. त्यांतले पुरुष. त्यांतले अमुक सालानंतर सापडलेले. पण कितीही दुवे जोडले तरी दुभाषी जागची हलत नसे. उत्तर कुणी मागितलं तरच ती उठून डेटाबेसकडे जाई. नवी पोरं या आळसाला वैतागत. हिल्केला मात्र या आळसाचाच आधार होता.

त्याचा धाकटा भाऊ डाउवे मासेमारीच्या बोटीबरोबर बुडाला होता. बाकीचे खलाशी मिळाले, डाउवे मिळाला नाही. हिल्केनं आपल्या चाचणीच्या फाईलमध्ये एक साखळी बांधायला घेतली होती आणि तिला नाव दिलं होतं ‘डाउवे’. वर्षाकाठी एखादा दुवा तो तिला जोडी. उंची. वय. शेवटचा दुवा होता डाव्या नडगीतली पोलादी पट्टी. गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग करताना डाउवे पडला होता, तेव्हाची. साखळी पुरी झाली, पण हिल्केनं तिचं उत्तर कधी मागितलं नाही.

शेजारच्या टेबलावरची सिट्स्के थट्टा करी. “काय रे, साखळी सोडतोच आहेस? लागला का तळ?”

“नांगरच बांधला नाही, तर तळ कुठून लागणार?”

“मग बोट अशीच भरकटत राहू दे.” डाउवे कोण ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती त्याचं नाव घेत नसे.

समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या आडोशाला असलेल्या गावात आई एकटी राहायची. दर रविवारी हिल्के तिच्याकडे जाई. जाणंयेणं सगळं मागच्या दारानं. त्या गावात पुढचं दार उघडतं ते नवरी आत यायला आणि शवपेटी बाहेर जायला. यार्समांचं पुढचं दार वडिलांच्या पेटीनंतर उघडलं नव्हतं. आणि मागचं दार आईनं डाउवे गेल्यापासून कधी लावलं नव्हतं. वाऱ्यानं ते हललं की दोघंही बोलायचे थांबत. मग आई उठे, दारापाशी जाऊन पायपुसणं सरळ करी आणि परत येऊन बसे. पायपुसणं वाकडं कसं होतं, हे हिल्केनं विचारलं नव्हतं. साखळीचं उत्तर त्यानं मागितलं नव्हतं, तसंच.

या वर्षी तिला वृद्धाश्रमात खोली मिळाली होती. महिनाअखेरीस हो किंवा नाही कळवायचं होतं.

“मी नाही जायची. तो आला आणि दार लावलेलं दिसलं तर?”

“आई, आता कुठला यायला तो?”

“तुझ्या मशीनला विचारलंस?”

“अजून काही नाही.”

“ओळख पटवायला लाळेचा नमुना द्या म्हणतात मेले. तो मेलेल्यांच्या आया देतात. मी कशाला देऊ?”

मंगळवारी सकाळी सिट्स्के कुरकुरली, “बाबा रे, तुझं ते शोधायचं पान उघडेपर्यंत माझी कॉफी निवते.” हिल्केनं आपल्या चाचणीच्या फाईलमधून प्रोग्राम चालवला, मध्येच एका ओळीवर थांबवला आणि कुठे काय अडलंय ते पाहू लागला. पाहता पाहता कर्सर ‘डाउवे’ या नावावर टेकला. ज्या नावावर कर्सर टेकतो त्याच्या पोटात काय आहे, ते कोड लिहायचा एडिटर लहानशा चौकटीत दाखवतो. आणि दाखवायचं म्हणजे विचारणं आलंच. हे हिल्के नव्या पोरांना स्वतः बजावत असे.

दुभाषी उठली, जाऊन आली.

चौकटीत एकच नोंद होती. पलीकडच्या बेटावरची. पुरुष, डाव्या नडगीत पोलादी पट्टी. बेटावरच अनोळखी बुडालेल्यांच्या रांगेत पुरलेला. बेटावरच्या जुन्या नोंदी गेल्या हिवाळ्यात हिल्केनंच एकगठ्ठा आत घातल्या होत्या. भाऊ त्याच्या हाताखालून गेला होता आणि त्यानं मानही वर केली नव्हती.

“मी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला.

सिट्स्के येऊन मागे उभी राहिली. तिनं वाचलं.

“खरंच विचारलं नव्हतं गं.”

“माहीत आहे मला. जा आईकडे. पान हळू उघडल्यानं कुणी मरत नाही.” बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मग बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. कॉफीबरोबर एक बिस्किट, की झाकण बंद, अशी त्या कचेरीची रीत. या वेळी झाकण तिनं उघडंच ठेवलं.

आई बटाटे सोलत होती. मंगळवारी त्याला दारात पाहून तिनं सुरी खाली ठेवली.

“कोणत्या पायात?” सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं.

“डाव्या. पण आई, नमुना जुळल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही.”

“घे मग माझी लाळ.” तिनं अर्धवट सोललेला बटाटा पाण्यात टाकला. “बेटावर म्हणजे जवळच होता की रे.”

तेवढ्यात मागचं दार हललं. हिल्केनं आईकडे पाहिलं. ती या वेळी उठली नाही.

“लाव ते,” ती म्हणाली.

खिट्टी गंजली होती. त्यानं दोन्ही हातांनी रेटली तेव्हा ती बसली. घरात इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. निघायची वेळ झाली तसा तो सवयीनं पुन्हा त्याच दाराकडे वळला.

“तिकडून नको. पुढचं उघड. त्यालाही त्याच दारानं जाऊ दे.”

पुढचं दार फुगलं होतं. खांदा लावल्यावर ते उघडलं आणि बाहेरचा खारा वारा आत आला. हिल्के बाहेर पडला, पण दार त्यानं लगेच ओढून घेतलं नाही. एका कडेला सरकून, ते धरून तो उभा राहिला. चार माणसांना खांद्यावरचं ओझं सांभाळत उंबरा ओलांडायला लागेल, तितका वेळ.