भोंगाबाईचा हळू पुकारा

कोर्टात तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'भोंगाबाई'. तिला हे पक्कं ठाऊक होतं, आणि वाईट वाटण्याऐवजी तिला त्याच्या गुदगुल्याच व्हायच्या. भोंगा काही उगीच कोणाला म्हणत नाहीत. पुकारा करणं हे तिचं काम. न्यायाधीशांनी प्रकरण हातात घेतलं की दाराशी उभं राहायचं, ज्याचं त्याचं नाव घ्यायचं आणि पुढे "हाजिर हो!" म्हणायचं. तिने ते म्हटलं की वऱ्हांड्यात डुलक्या घेणारे दचकून उठत, वकिलांच्या हातातला चहा बशीत सांडे आणि फाटकाबाहेरच्या झाडावरचे कावळे उडून जात. कावळ्यांचं वकीलच सांगत, तेव्हा ते कितपत खरं मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण नुसता गळा मोठा असून पुकारा होत नाही. तिची त्यातही एक रीत होती. तीन पुकाऱ्यांना ओ आली नाही तर माणूस गैरहजर, असा कोर्टाचा शिरस्ता. म्हणून पहिला पुकारा ती सगळे करतात तसा दाराशी करी आणि ओ आली नाही की माणूस जिकडे असेल तिकडे तोंड करून दुसरा. सकाळपासून कोण कुठे बसलंय, कोण चहाच्या टपरीवर गेलंय, कोण नळाशी उभं आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असे. एकदा संडासात अडकलेल्या एका म्हाताऱ्याला तिने बाहेरून नाव घेऊन घेऊन वेळेत हजर केलं होतं आणि त्याचं घर वाचलं होतं. "कोणाचं प्रकरण माझ्या तोंडामुळे बुडायला नको," असं ती म्हणे, आणि इतक्या वर्षांत एकही बुडालं नव्हतं.

घरीही हाच गळा. नवरा शिंपी, लहानपणापासून कानाने अधू. त्याच्या मशीनची खडखड आणि तिचं बोलणं यांत गल्लीला तिचंच बोलणं जास्त ऐकू येई. त्यांच्या घरातलं भांडण शेजाऱ्यांना तोंडपाठ असायचं, तेही एकाच बाजूचं.

त्या वर्षी सरकारकडून कोर्टाला निधी मिळाला. घरात मार खाणाऱ्या बायका न्याय मागायला आल्या तर त्यांचं नीट ऐकलं जावं, त्यांची प्रकरणं रेंगाळू नयेत, पोलिसांनी कोर्टाकडे आणि कोर्टाने पोलिसांकडे बोट दाखवत बसू नये, यासाठी हा पैसा. कारकुनांनी आधी नवे पंखे येणार का ते विचारलं. येणार नव्हते, त्यामुळे त्यांचा उत्साह तिथेच मावळला. भोंगाबाईचा मात्र वाढला. तोवर काय चालायचं, तर अर्ज करणारी बाई आणि तिला मारणारा नवरा वऱ्हांड्यात एकाच लांबलचक बाकाच्या दोन टोकांना बसत. दुपारपर्यंत नवरा सरकत सरकत मध्यावर येई, गोड बोलू लागे, आणि संध्याकाळी बाई अर्ज मागे घेऊन त्याच्या मागोमाग घरी जाई. हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की तिला त्या बाकाचाच राग येई. येता-जाता ती त्याला पायाने ढकलायची, पण तो भिंतीत पक्का बसवलेला होता.

निधीतून वऱ्हांड्याच्या टोकाची, मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी झाली. तिला रंग आला, पडदे आले, आणि मागच्या बोळात उघडणारं एक नवं दार आलं. बायकांनी बोळातून यायचं, या खोलीत बसायचं, वऱ्हांड्यातल्या कोणाच्या नजरेला पडायचं नाही. वऱ्हांड्याकडच्या दाराला भिंतीचाच रंग दिला, वर पाटी नाही. खोली सांभाळायला एक तरुण बाई नेमली. तिचा पगार निधीतून निघायचा म्हणून कारकुनांनी लगेच तिचं 'निधीताई' करून टाकलं. तिने सगळ्यांना एका दुपारी बसवून बजावलं, "ही खोली कुठे आहे ते बाहेर कळता कामा नये. अगदी घरीसुद्धा नाही."

भोंगाबाईने तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्याने दोनदा विचारलं, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

खोलीत पहिली आली ती एक इस्त्रीवाली. नवऱ्याचं औषधाचं दुकान, माणूस वागायला मऊ, गिऱ्हाइकाला 'या, बसा' करणारा. त्याच मऊ हातांनी त्याने तिचा खांदा निखळवला होता. ती घर सोडून निघाली होती आणि लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरत होती. त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही असा तात्पुरता हुकूम होता आणि तो कायम करायचा की नाही हे त्या दिवशी ठरणार होतं.

प्रकरण निघालं. भोंगाबाईने दाराशी उभं राहून इस्त्रीवालीचं नाव घेतलं. ओ आली नाही. बंद दाराआड बाईला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल आणि पाय उचलला नसेल. मग भोंगाबाईने इतकी वर्षं जे केलं तेच केलं. माणूस जिकडे होता तिकडे ती गेली. त्या बिनपाटीच्या दारासमोर उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि दुसरा पुकारा केला.

सगळा वऱ्हांडा वळून त्या दाराकडे पाहू लागला. औषधवालाही. तो सावकाश उठला आणि दाराशेजारी येऊन उभा राहिला. तेवढ्यात दार उघडलं आणि इस्त्रीवाली समोर आली. तो हसून एवढंच म्हणाला, "इथे बसवतात होय तुला? बरं झालं, कळलं."

दार पुन्हा लागलं. तिसऱ्या पुकाऱ्याला भोंगाबाईचा आवाज फुटलाच नाही, पण फुटला असता तरी उपयोग नव्हता. इस्त्रीवाली मागच्या दाराने बोळातून निघून गेली होती. न्यायाधीशबाईंनी पुढची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, त्या दिवशीही बाई आली नाही तर अर्ज निकालात निघेल, आणि अर्जाबरोबर हुकूमही जाईल.

खरं तर भोंगाबाईला कोणी बोल लावला नाही. पुकारा करणं हे तिचं कामच, आणि या खोलीतल्या बाईचा पुकारा कसा करायचा हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गप्प बसली असती तर गोष्ट तिथेच विरली असती. पण ती सरळ न्यायाधीशबाईंच्या दालनात गेली.

"मॅडम, ती बाई माझ्या आवाजामुळे पळाली. त्या खोलीचा पुकारा बंद करा."

"पुकारा बंद कसा करणार, बाई?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. "उद्या त्याचा वकील उठून म्हणेल, पुकारलंच नाही."

"मग ओरडायलाच हवं असं आहे का कुठे? तिला ऐकू गेलं म्हणजे झालं ना?"

न्यायाधीशबाई हसल्या. "असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त तुमच्याकडे बघून आजवर कोणाला सुचलं नाही."

मग दोघींनी मिळून ठरवलं. त्या खोलीच्या आणि दालनाच्या मधल्या भिंतीत एक जुनं दार होतं, कपाटाआड दडलेलं. कपाट हलवायचं. बाईला खोलीतच हळू आवाजात पुकारायचं आणि न्यायाधीशबाईंच्या दालनातून कोर्टात आणून बसवायचं. तिथून आजवर वकीलही कधी गेले नव्हते. बाई बसल्यावर मग वऱ्हांड्यात नवऱ्याचा पुकारा. कपाट ढकलायला निधीताईने स्वतः खांदा लावला.

आता राहिलं हळू बोलणं. तुम्हाआम्हाला हे सोपं वाटेल. भोंगाबाईला ते नाकी नऊ आणणारं काम होतं. हळू बोलायला गेली की तिच्या गळ्यातून जुनं कापड टरकावल्यासारखा आवाज येई आणि मध्येच एखादा शब्द सुटून भिंतीवर आपटे. ती घरी सराव करू लागली. शिंप्याच्या मशीनपासून लांब, दाराच्या चौकटीत उभी राहून ती कुजबुजे, "पुकारा आहे. हजर आहात?" एक दिवस अशीच कुजबुजली आणि मशीन थांबलं.

"हजर," शिंपी म्हणाला.

"तुम्हाला ऐकू आलं?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

"ऐकू कुठलं येतंय? तुझे ओठ बघतो मी. लग्न झाल्यापासून."

"मग मी एवढी वर्षं बोंबलते ती कोणासाठी?"

"मला वाटलं, तुला आवडतं," शिंपी म्हणाला आणि पुन्हा शिवू लागला.

तिला हसावं की त्याला लाटण्याने मारावं ते कळेना. पण त्या दिवसापासून तिचं कुजबुजणं सुधारलं. समोरचा आपल्या तोंडाकडे बघतोय एवढी खात्री असली की आवाज चढवावा लागत नाही, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं होतं.

तारीख उजाडली. निधीताईने इस्त्रीवालीला कितीतरी फोन केले, पण तिने एकही उचलला नव्हता. औषधवाला कडक इस्त्रीच्या शर्टात आला आणि कोणाशी काही न बोलता थेट बिनपाटीच्या दारासमोर जाऊन बसला. ती आलीच तर याच दारातून निघणार, असा त्याचा हिशेब. तिथे बसून मग तो वकिलाशी मजेत गप्पा मारू लागला.

तेवढ्यात निधीताई दालनातून धावत आली आणि भोंगाबाईच्या कानाशी लागली. "बाई, ती आलीय. बोळापलीकडे उभी आहे, पण आत यायला तयार नाही. मी सगळं समजावलं. म्हणते, आत गेले की ती बाई परत ओरडेल."

भोंगाबाईच्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. कोर्ट चालू असताना तिने आपली जागा कधी सोडली नव्हती, तापाने फणफणत असतानासुद्धा नाही. ती न्यायाधीशबाईंच्या टेबलाशी गेली आणि त्यांच्या कानात कुजबुजली. तिला कुजबुजताना पाहून कारकुनाच्या हातातलं पेन खाली पडलं. न्यायाधीशबाईंनी मान हलवली आणि समोरच्या जमिनीच्या भांडणातल्या वकिलाला म्हणाल्या, "तुमचं म्हणणं जरा सविस्तर मांडा." वकिलाला एवढा आनंद आयुष्यात झाला नसेल.

बोळापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी इस्त्रीवाली उभी होती. पिशवी छातीशी धरलेली, पाय रस्त्याच्या तोंडाकडे वळलेले. मागच्या दारातून एक हाक मारली असती तर तिला सहज ऐकू गेली असती. आणि वऱ्हांड्यातल्या औषधवाल्यालाही गेली असती. भोंगाबाईने ओठ घट्ट मिटले आणि बोळ ओलांडला.

"तुम्हीच ना त्या?" इस्त्रीवाली मागे सरकत म्हणाली.

"मीच. चूक माझी होती." आवाज टरकावलेल्या कापडासारखाच निघाला, पण त्या दोघींपलीकडे गेला नाही. "ते दार आज उघडायचं नाही. तुम्ही मॅडमच्या दालनातून जायचं. तो दुसऱ्याच दाराकडे बघत बसलाय."

इस्त्रीवाली नुसती भोंगाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग भोंगाबाई ताठ उभी राहिली, जशी रोज दाराशी उभी राहायची तशी. तिने इस्त्रीवालीचं पूर्ण नाव घेतलं, अगदी हळू, एकही अक्षर न खाता. "तुमचा पुकारा आहे. हजर आहात?"

इस्त्रीवालीचे डोळे भरून आले. कोर्टाच्या दारात आजवर तिला बरंच काही विचारलं गेलं होतं, पण इतक्या आदराने कोणी विचारलं नव्हतं.

"हजर आहे," ती म्हणाली.

ती आत जाऊन बसली, समोर पाण्याचा पेला आला, शेजारी निधीताई बसली. मग भोंगाबाई वऱ्हांड्यात आली. औषधवाला अजून बिनपाटीच्या दारावर नजर लावून बसला होता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि त्याचं नाव असं पुकारलं की तो बाकावरून उडालाच. त्या दिवशी कावळेही खरंच उडाले असावेत. तो शर्ट सावरत आत शिरला, आणि बायको आधीच बसलेली पाहून दारातच थबकला. हसू मात्र त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा आलं नाही. संध्याकाळपर्यंत हुकूम कायम झाला.

भोंगाबाई घरी पोचली तेव्हा शिंपी मशीनवर वाकलेला होता. ती बाई येते की नाही या काळजीत सकाळी ती न खाता गेली होती, हे त्याच्या लक्षात होतं. त्याने मान वर करून नुसतं बघितलं. तिने दारातूनच, अजिबात आवाज न करता, ओठ हलवले.

"बरं झालं, आली ती," शिंपी म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठला.