माणशी दोन मिनिटं

"ए पिंजाऱ्या, ही गादी घे. फार गाठी झाल्यात. मऊ करून दे."

साहेबांनी आपल्या खुर्चीवरची गादी उचलली आणि माझ्या अंगावर टाकली. मी तेव्हा त्यांच्याच टेबलाखाली होतो. गुडघ्यांवर. दातात वायर कापायची कातर, हातात नेटवर्कची वायर, डोक्यावर कोळ्याचं जाळं. चाळिशीचा माणूस, दोन पोरींचा बाप, कॉम्प्युटरची कामं करणारा. आणि डोक्यावर गादी.

कार्यालय हसलं.

पहिल्या दिवशी साहेबांनी माझं आडनाव विचारलं होतं. आडनावावरून काही उमगेना, म्हणून बापाचं काम विचारलं. मी सांगितलं. त्यात लपवायचं काय? माझ्या अब्बांनी देऊळघाटपासून धाडच्या बाजारापर्यंत दारोदार कापूस पिंजला, गाद्या भरल्या. अर्ध्या मुलखाची झोप त्यांच्या हातची. "म्हणजे पिंजारी!" साहेब म्हणाले आणि त्यांना फार आनंद झाला. त्या क्षणापासून माझं नाव गेलं.

आता खरी लाज सांगतो. मी गादी नाकारली नाही. वर उठलो, दाराचा अडसर घेतला आणि गादी बडवायला लागलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला प्रेक्षक दिसले की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. अब्बांच्या पिंजणाची ताणलेली दोरी, तात, वाजायची तसा आवाज मी तोंडानं काढला. त्यँव, त्यँव, धुम! त्यँव, त्यँव, धुम! कंबर हलवली, डोळे फिरवले. बाबूलोक टेबलं वाजवायला लागले. शिपाई हसून हसून खाली बसला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

अपमान साहेबांनी केला. त्याचा तमाशा मी केला. फुकटात.

आता मी तिथं काय करत होतो ते ऐका. जिल्ह्यातलं कोणतं तालुक्याचं गाव, कोणतं कार्यालय, ते सांगणार नाही. सगळ्यांनाच थोडं खाजू द्या. ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं. ज्या बियाण्याच्या पाकिटावर अळी लागणार नाही म्हणून छापलेलं, त्याच पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडाबोंडात अळी निघाली. हिरवंगार बोंड फोडावं आणि आत सडका, पिवळा कापूस. शेतकऱ्यांनी ऑनलाइन तक्रार भरायची, मग माणसं वावरात येऊन पंचनामा करणार, असं ठरलं. तक्रार नाही तर पंचनामा नाही. त्यासाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात आठ मशिनी लावायच्या होत्या. ते काम माझं.

मशीन कसली, डबा. डबीएवढा कॉम्प्युटर आणि त्याला बोटानं चालणारा स्क्रीन. डब्याच्या पोटात काहीच नसतं. चालू केला की तो वायरीतून सर्व्हरकडं मागतो आणि सर्व्हर त्याला लिनक्सपासून ब्राउझरपर्यंत सगळं वाढतो. सर्व्हर मी रेकॉर्ड रूममध्ये, फायलींच्या गठ्ठ्यांमागं बसवला होता. तिथं एक ओळ बदलली की आठही डबे बदलतात.

आणि ब्राउझर कोंडायचा. ही माझी खासियत. वरची पत्त्याची पट्टी काढून टाकली. बंद करायची फुली काढून टाकली. बोट दाबून धरलं की जी यादी उघडते ती मारली. तक्रारीचं एक पान सोडून जगात दुसरीकडं कुठं म्हणून जाता येणार नाही असं केलं. मला त्यात फार मजा यायची, खोटं कशाला बोलू. कुलूप लावणाऱ्याला आपलं कुलूप लई सुंदर दिसतं.

मशिनी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी साहेब पाहायला आले. "एकेक जण अर्धा अर्धा तास बसेल त्याचं काय? रांग रस्त्यावर जाईल."

मी म्हटलं, "साहेब, दोन मिनिटांचं काम हाय. पाहा तुमी."

परत प्रेक्षक! मी उभा राहिलो, कोणाचा तरी सातबारा धरल्यासारखा नाटकी हात केला, आणि फॉर्म भरला. नाव, गाव, गट नंबर, पेरा, बियाण्याचं वाण, पाकिटावरचा लॉट नंबर, पेरणीची तारीख, नुकसान वगैरे. चौदा रकाने. बोटं अशी पळवली की साहेब घड्याळाकडं पाहतच राहिले. दोन मिनिटांच्या आत फॉर्म गेला.

"मग दोनच मिनिटं ठेव," साहेब म्हणाले. "माणशी दोन मिनिटं. नंतर आपोआप पुसून टाकायचं, पुढचा माणूस."

मी ठेवली. त्यांनी माझा हात धरला नव्हता, बंदूक रोखली नव्हती. मी हसत हसत रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि सर्व्हरवर आकडा लिहिला. एकशेवीस. मशीनला सेकंदात सांगावं लागतं. वेळ संपली की स्क्रीनवर जे शब्द येतील तेही मीच लिहिले. 'वेळ समाप्त. धन्यवाद.' धन्यवाद!

मशिनी सुरू झाल्या तो तक्रारीचा शेवटचा दिवस होता. मशिनीच उशिरा आल्या, मग साहेबांना उद्घाटनाचा पाहुणा मिळेना, असं करत करत शेवटचा दिवस. सकाळी एसटीनं, जीपनं माणसं उतरली. बायका जास्त. गडीमाणसं वावरात मागं राहिली असतील, नाही तर त्यांना माहीत असेल की कार्यालयात बाईवर जरा कमी ओरडतात. हे काही खरं नाही, पण गावात तसं समजतात.

मी सर्व्हरपाशी बसलो होतो. डबे चालू आहेत, वायरी गरम नाहीत, सगळं झकास. बाहेरून गलका यायला लागला. मला वाटलं, चालू द्या, गर्दी आहे. दुपारी पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा पाहिलं. आठही डब्यांसमोर माणसं उभी, आणि आठही पडद्यांवर पुन्हा पुन्हा तेच पहिलं पान. हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो, मागं पांढराशुभ्र कापूस.

तिसऱ्या डब्यापुढं एक बाई होती. पन्नाशीची. रांगेतल्या बायका तिला वच्छलाबाई म्हणत होत्या. पदराच्या गाठीत बोंडं बांधलेली, दुसऱ्या हातात बियाण्याचं रिकामं पाकीट, सरळ घडी करून. एका बोटानं ती एकेक अक्षर शोधत होती.

"ओ बाबू," तिनं मला हाक मारली, "'च्छ' कसा काढू मी? पाय मोडाचं बटन कोठी हाय?"

मी दाखवलं. तिनं च दाबला, पाय मोडला, छ दाबला. जेमतेम तिचं स्वतःचं नाव पूर्ण झालं होतं. नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर तिनं दाबलं आणि पडदा पुसला. वेळ समाप्त. धन्यवाद.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "हे चौथ्यांदा. मी लिवतो अन् हे पुसते. काऊन पुसते हो?"

मला माहीत होतं काऊन पुसते.

"मावशी, सरका," मी म्हटलं. "मी भरून देतो."

"नाही." तिनं पडद्यावर आडवा हात धरला. "मागच्या साली एका पोट्ट्यानं भरून देल्ला. गाव भलतंच लिवलं. साहेब लोकं त्या गावाले गेले, माह्या वावरात कोणीच नाही आलं. चवथी शिकली मी. माहा फॉर्म मीच भरीन."

"आज शेवटचा दिवस हाय मावशी."

"म्हणून तं मीच भरून राह्यली."

मागून एकजण ओरडला, "बाई, पोथी लिवून राह्यली का? आमालेही नंबर हाय!"

"तू गप बस बे," तिनं मागं न पाहता सांगितलं. "तुह्याच्यानं तं पह्यलं पान नाही उघडलं सकाळपासून."

रांग हसली, तोही हसला. मी नाही हसलो. मी मागं वळून पूर्ण रांग पाहिली. सकाळपासून ज्यांचे फॉर्म गेले ते कोण, हे मी शिपायाला विचारलं. त्यानं बोटावर दाखवले. एक मास्तर, एक बियाण्याच्या दुकानदाराचा पोरगा, एक वकिलाचा भाऊ. बाकीचे उभे राहिले, तीनतीनदा, चारचारदा पुसले गेले आणि एसटी चुकू नये म्हणून निघून गेले.

तेवढ्यात साहेब व्हरांड्यात आले. जेवून आले होते, दात कोरत होते. पुसलेले पडदे त्यांनी पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

"तुझे डबे मोठे हुशार निघाले रे. अडाणी माणूस बरोबर ओळखतात." मग जरा खालच्या आवाजात, "असंच चालू दे. संध्याकाळी वर आकडा कळवायचाय. तक्रारी कमी, तालुका चांगला."

म्हणजे दोन मिनिटं रांगेसाठी नव्हती. निदान आता तरी नव्हती. मी लावलेलं कुलूप त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं होतं.

रांगेत कोणीतरी चढ्या आवाजात म्हणालं, "मशीन फोडून टाका रे!" दोघं-चौघं पुढं सरकले. साहेबांनी हात वर केला. चेहऱ्यावर हसू.

"अरे अरे, थांबा! आपला हा मशीनवाला आहे ना, पिंजारी आहे. ए, तो आवाज काढून दाखव यांना. त्या दिवशी गादीला काढलास तो. तेवढाच वेळ जाईल लोकांचा."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. एवढे प्रेक्षक मला जन्मात मिळाले नव्हते.

मी तोंड उघडलं. सवय. समोर वच्छलाबाई होती. तिचं बोट अजून पडद्यावर होतं, पाचव्यांदा पहिल्या अक्षरावर. ती माझ्याकडं पाहत होती, मी आता काय करतो म्हणून. माझ्या बापाची तात, तिचा कापूस आणि यांचा टाइमपास.

मी तोंड मिटलं.

"नाही काढत," मी म्हटलं.

"काय?"

"नाही काढत म्हटलं, साहेब. अन् माहं नाव घ्या. नाव हाय मले."

मी रेकॉर्ड रूमकडं निघालो. साहेब मागून आले. दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीवर.

"काय करतोयस?"

"दोन मिनिटं काढून राह्यलो."

"कोणाला विचारून?"

"लावताना कोणाले विचारलं होतं, साहेब? बाहेर जे उभे हायेत, त्यांच्यातून कोणाले विचारलं?"

"तुला या जिल्ह्यात एक काम मिळू देणार नाही मी. पिंजऱ्यात घालीन, पिंजाऱ्या. सरकारी मशिनीला हात लावतो?"

"सरकारी मशिनीले चार दिवस हातच लावून राह्यलो. तुमच्या टेबलाखाली गुडघे टेकले तवा नाही आठवलं?"

आणि मी एकशेवीसची ती ओळ पुसली. आठही डबे बंद करून चालू केले. बाहेर सगळे पडदे काळे झाले तेव्हा असा आरडाओरडा उठला की साहेब दारातून बाजूला झाले, आणि मी त्यांच्या बगलेखालून नाही, त्यांच्या समोरून बाहेर आलो. व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"वेळ मी लावली होती. हे मशीन पुसत नव्हतं, मी पुसत होतो. आता कोणाचंच पुसणार नाही. पाह्यजे तेवढा वेळ घ्या."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं मला शिवी दिली. बरोबर दिली. सकाळी सात वाजता निघालेला होता तो.

वच्छलाबाईनं फॉर्म भरायला बावीस मिनिटं घेतली. मी मोजली, कारण मला मोजायचीच होती. लॉट नंबर वाचायला तिनं पाकीट उन्हात धरलं. नुकसानीच्या रकान्यात छापील शब्द निवडायचे होते. तिनं त्यातला एकही निवडला नाही, खाली स्वतः लिहिलं, 'बोंड वरून चांगलं आत अळी'. मग तक्रारीचा नंबर आला. तिनं माझ्या खिशातला पेन न विचारता काढला आणि तो नंबर पाकिटावर लिहून घेतला. दोनदा ताडून पाहिला. पेन परत दिला.

"बावीस मिनिटं कायले लागले म्हणतीन कोणी तं सांगजो," ती म्हणाली, "एवढंच होतं लिवाले."

ती जीप धरायला गेली. आठही डबे संध्याकाळपर्यंत चालले. साहेब पाचाला गाडीत बसून निघून गेले. शिपाई थांबला. त्याला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं. झालं नाही छान. सकाळपासून दुपारपर्यंत जे परत गेले ते आले नाहीत. त्यांचा शेवटचा दिवस माझ्या एकशेवीस सेकंदांत संपला. सर्व्हर नोंद ठेवतो. कोणता डबा किती वाजता पुसला. ती यादी मी छापून घेतली. पानंच्या पानं आहेत. नाव एकाचंही नाही, कारण फॉर्म पूर्ण व्हायच्या आतच सगळं पुसलं जायचं. पंचनाम्याची माणसं त्या वावरांत गेली नाहीत. साहेबांची मात्र पुढं बढती झाली, आणि ठरलेली माझी दोन तालुक्यांची कामं दुसऱ्याकडं गेली. मी दोन वर्षं मोबाइल दुरुस्त केले.

पुन्हा हे काम करायला लागलो, कारण मला हेच येतं आणि मी ते चांगलं करतो. कुलुपं अजून लावतो. फुली काढतो, पट्टी काढतो. पण रांगेतला सगळ्यात हळू लिहिणारा माणूस शोधतो, त्याला खुर्ची देतो, आणि तो पूर्ण फॉर्म भरेपर्यंत मशीन कार्यालयाच्या ताब्यात देत नाही. साहेब मागं उभे राहून कंटाळतात. कंटाळू द्या.

आणि कोणी म्हणालं, यावर वेळ लावा, की मी कोरा कागद पुढं करतो. किती मिनिटं, कशासाठी, कोणाच्या हुकमानं, ते लिहा. खाली सही करा.

"तोंडी सांगतोय ना," ते म्हणतात.

"तोंडी नाही," मी म्हणतो.

आजपर्यंत एकानंही सही केलेली नाही. ज्या दिवशी कोणी करील, त्या दिवशी तो कागद मी व्हरांड्यात, रांगेला वाचता येईल एवढ्या उंचीवर चिकटवीन आणि काम सोडून देईन. वेळ मी लावणार नाही.