चौथ्या मजल्याचं गिऱ्हाईक

आयुष्यभर लोकांचे कपडे शिवणाऱ्या मावशींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी चौथ्या मजल्यावरचं घर विकायला काढलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिला एजंट म्हणाला, "घर हातोहात जाईल." दुसऱ्याने तर जिन्यांना फुकटचा व्यायाम म्हटलं. दोघांनी आणलेली माणसं धापा टाकत यायची, कपाटं उघडून बघायची आणि "कळवतो" म्हणून जायची. दर वेळी घर आवरून आवरून मावशी मेटाकुटीला आल्या.

मग बहिणीच्या ओळखीची एक एजंटबाई आली. घामाघूम झालेली ती आधी स्टुलावर टेकली, पाणी प्यायली.

"मावशी, खरं सांगू? हे लवकर जायचं नाही. मी जिने आधी सांगेन, मगच माणूस आणीन. कमी येतील."

"कमीच आण बाई," मावशी म्हणाल्या आणि किल्ली तिच्याकडे दिली.

घर जायला बराच काळ लागला. शेवटी एका तरुण जोडप्याने ते घेतलं, तेही थोडा भाव पाडून. मावशींनी घासाघीस केली नाही. बहिणीच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्या पहिल्याच दुपारी न जेवता झोपल्या. बहिणीने ताट झाकून ठेवलं आणि त्यांना उठवलं नाही.