कोकणी नावाची शेळी

‘ज्याचं त्याला द्यावं, ताई,’ असं म्हणत ती की-बोर्ड माझ्याकडे सरकवायची. एका संगणकावर आम्ही दोघी. दहा मिनिटं तिची, दहा माझी. माझी बारा झाली तरी ती बोलायची नाही आणि स्वतःची नऊ झाली की सरकवायची. मला त्याचाही राग यायचा. चांगल्या माणसाचा असा राग तुम्हालाही कधीतरी आला असेल.

अंबाजोगाईत बायकांसाठी प्रोग्रॅमिंगचा फुकट वर्ग निघाला होता. मी मूळची कोकणातली, नववीत शाळा सुटलेली, लग्नानंतर इथे येऊन मेडिकलच्या मुलांना डबे देणारी. ती गावाबाहेरच्या वस्तीवरून यायची. घरची माणसं शेळ्या राखणारी. शाळा तिचीही माझ्याएवढीच. तिच्या पदराला शेळ्यांचा वास असायचा, तो लपवायची तिला गरज वाटत नसे. मी मात्र लसणीचा वास राहू नये म्हणून दोनदा हात धुऊन वर्गात शिरायची.

जिचा शेवटचा प्रोग्रॅम चांगला होईल तिला पुढच्या तुकडीला मदतनीस म्हणून घेऊ, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती जागा मला हवी होती. या परक्या गावात कुणीतरी मला डबेवाली न म्हणता मॅडम म्हणावं, एवढंच.

पण प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे काय, हेच मला तीन आठवडे कळेना. सर म्हणायचे, क्लास ही नुसती मांडणी, वस्तू अजून जन्मायची आहे. तिच्याजवळ काय काय असेल ते लिहायचं, आणि ती जे जे करील त्या तिच्या मेथड. मी सगळं वहीत उतरवून पाठ केलं. ही बाई म्हणाली, ‘म्हंजी शेळी कशी असती ते आधी लिवायचं. मंग एकेक शेळी.’

‘अगदी बरोबर,’ सर म्हणाले. ते ‘अगदी’ माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

तिच्या शेळीला नाव होतं, शिंगाला रंगाची खूण होती. ‘चर’ नावाची एक मेथड, ‘हाक’ नावाची दुसरी. हाक मारली की प्रत्येक शेळी पडद्यावर आपापलं उत्तर द्यायची. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायची, दात दिसण्यापुरती.

मी डब्याचा क्लास केला. दाखवायच्या आदल्या दिवशी एका डब्यात कारलं घातलं, तर सगळ्याच डब्यांत कारलं. काही केल्या निघेना. मी रडकुंडीला आले. तिने वाकून पाहिलं.

‘एकीच्या शिंगाला रंग लावला अन् समदा कळप रंगला, व्हय?’

‘हसू नकोस.’

‘हसत न्हाई. माझंबी असंच झालतं. भाज्यांची यादी तुमी वर ठिवली, ती समद्यांची मिळून एकच झाली. जन्माच्या मेथडमधी घ्या. ज्याचं त्याला.’

वस्तू तयार होताना आपोआप चालते त्या मेथडला सर जन्माची मेथड म्हणत. यादी मी तिथे नेली. कारलं एकाच डब्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम दाखवताना मी कारल्याचा घोळ सांगितला, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही चूक भल्याभल्यांना सापडत नाही, तुम्हाला कशी सापडली? ती माझ्या शेजारीच होती.

‘बघता बघता सापडली, सर,’ मी म्हटलं.

ती वळलीसुद्धा नाही. फक्त की-बोर्ड माझ्याकडे सरकवला. तेव्हा पाळी तिची होती.

जागा मला मिळाली. जाताना ती म्हणाली, ‘मला तरी कुठं जमणार व्हतं? आमचं लई हिंडायचं असतंय.’ ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, कोण जाणे. पुढे ती माणसं कळप घेऊन पाटोद्याकडच्या डोंगरात गेली. फोन केला की बंदच असतो.

आता मला मॅडम म्हणतात. क्लास शिकवायला मी तिचीच फाइल उघडते. पहिल्यांदा उघडली तेव्हा अगदी तळाशी, तिने कधी न दाखवलेली एक शेळी सापडली. नाव कोकणी. खूण हिरवी. मी हाक चालवून पाहिली. पडद्यावर आलं, ‘थांबा, हात धुऊन आले.’

दर तुकडीतल्या बायका ते वाचून हसतात आणि विचारतात, मॅडम, हे तुम्ही लिहिलंय? पहिल्या तुकडीला मी नुसती होकारार्थी मान डोलावली होती. आता तिचं नाव सांगते.