कोपऱ्यातली खोली शेवटी

वॉर्डातल्या नर्स पोरी तिला पाठीमागे साबणताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. कामावर आली की ती आधी मनगटावरचं घड्याळ काढून घरी निघेपर्यंत खिशात ठेवी, बाह्या कोपरापर्यंत सारी आणि हात नळाखाली धरी. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. अंगठी तिने नोकरीला लागतानाच काढून ठेवली होती, कारण अंगठीखाली जंतू दडून राहतात. पुढे नवरा गेला तेव्हा तिच्या बोटातून काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ड्रेसिंगची ट्रॉली कुठून कुठे फिरायची, तेही तिचं पक्कं होतं. ताज्या टाक्यांच्या, स्वच्छ जखमा आधी. पू झालेल्या नंतर. काचेच्या दाराची कोपऱ्यातली खोली सर्वांत शेवटी. त्या खोलीत एक म्हातारा शिंपी होता. त्याच्या पायाच्या जखमेतले जंतू नेहमीच्या औषधांना भीक घालत नव्हते. आत जाताना गाऊन आणि हातमोजे चढवायचे, निघताना ते तिथेच उतरवून हात धुवायचे. त्याची सून एकदा डबा घेऊन आली, तो सगळा सरंजाम बघून दचकली आणि डबा दारातूनच देऊन गेली. पुढे तो शेजाऱ्याच्या हाती येऊ लागला.

काचेतून शिंप्याला रोज ट्रॉली दिसे. त्याच्या दारावरून पुढे जाई, सगळ्यांपाशी थांबे आणि शेवटी त्याच्याकडे येई. एका सकाळी त्याने पायावर चादर ओढून घेतली.

"उद्यापासून पहिला नंबर माझा. नाहीतर पायाला हात लावायचा नाही."

"काका, पू असाच वर चढला तर पाय कापावा लागेल. डॉक्टर बोललेत ना?"

"कापू देत. चालत घरी जाऊन तरी कुणाला भेटायचंय?"

दुसऱ्या दिवशीही चादर हलेना. नव्या नर्सने तोडगा काढला. "ताई, एक दिवस जा ना त्याच्याकडे आधी. म्हातारा खूश, आपण मोकळे. हात काय, धुऊ की नंतर."

"पलीकडच्या मुलीच्या पोटावर कालचे टाके आहेत. माझा माझ्या हातांवर एवढा भरवसा नाही."

ट्रॉली ठरल्या वाटेनेच फिरली. शेवटी ती कोपऱ्यातल्या खोलीत गेली आणि चादरीला हात न लावता स्टुलावर बसली.

"काका, पांढरा सदरा आणि काळा कोट एकाच दिवशी शिवायला आला, तर मशीनवर आधी काय घेता?"

"पांढरं. काळ्याचे तंतू मशीनला राहतात. पांढऱ्यावर बसले की गिऱ्हाईक डोकं खातं." तो थांबला. "म्हणजे मी काळं कापड."

"हो."

तिने ते गोड करून सांगितलं नाही.

"शेवटच्या गिऱ्हाइकाशी मी गप्पा मारत बसायचो," तो म्हणाला. "मग दुकान बंदच करायचं असायचं."

"तुमच्यानंतर माझंही कुणी नसतं. मला घाई नाही."

त्याने स्वतःच चादर बाजूला केली.

तेव्हापासून ड्रेसिंग झालं तरी ती थोडा वेळ थांबू लागली. तो कॉलरविषयी बोले, ती ऐके. एकदा तीही बोलली. बहिणीला नात झाली तेव्हा ती आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हात घासून गेली होती. बहीण म्हणाली, "राहू दे गं, तू दवाखान्यातली." बाळ हातोहात सगळीकडे फिरलं, तिच्याकडे आलं नाही. त्या घरात तिच्याइतके स्वच्छ हात कुणाचेच नव्हते.

"म्हणजे तूही आमच्याच गठ्ठ्यातली," शिंपी म्हणाला. ती हसली. खोलीबाहेरच्या पोरींनी काचेतून बघितलं आणि एकमेकींना कोपर मारलं.

जखम हळूहळू लाल, स्वच्छ झाली आणि भरत आली. शिंपी काठी टेकत, दोन्ही पायांवर घरी गेला. दारात त्याने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"हात देत नाही. नियम तुझाच."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग खोली वरून खाली पुसून काढली गेली. पलंगाच्या कडा, दाराची मूठ, तिचं स्टूलसुद्धा. दुसऱ्या दिवशी ट्रॉली शेवटच्या खाटेपाशीच संपली.

"ताई, आज लवकर सुटलात," नवी नर्स म्हणाली.

"हो ना."

तिने हात धुतले, पुसले. खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि मनगटावर न बांधता परत खिशात टाकलं.