उजव्या चाकाचा घेर

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मार्च चालू होता. नियमाप्रमाणे दुसरी शोधायला तीन महिने, नाहीतर देश सोडायचा. मी त्याच्याच परवान्यावर आलेली, म्हणजे माझेही दिवस तेवढेच. उइटहॉर्न या डच गावातल्या त्या घरात तो सकाळपासून लॅपटॉपसमोर बसायचा. मी दुसऱ्या खोलीत. कीबोर्डचा आवाज थांबला की वाटायचं, आलं बहुतेक उत्तर. उत्तरं यायची, पण नकाराची.

शेजारची मुलगी, पस्तिशीची, ओव्हल ट्रॅकवर गाडी पळवायची. लंबगोल रस्ता, सगळी वळणं डावीकडे. तिचे टायर वर्षानुवर्षं तिचे वडील तयार करत. हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. उरला एकच शब्द, 'नेय', म्हणजे नाही. मदतीला आलेल्या दोघांना त्यांनी शेडमधून हाकललं होतं. लग्नाआधी मी चाकणच्या कारखान्यात सुटे भाग तपासायचे, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"तू येशील का? टायर नसले तर मला गाडी पळवता येणार नाही. आणि मी ती पळवली नाही तर पप्पा नुसते खिडकीत बसून राहतात."

मी त्यांच्यासाठी गेले असं म्हणणार नाही. मला घरात बसवत नव्हतं.

काम अंगमेहनतीचं होतं. शर्यतीत तापून टायरचा वरचा थर कडक, चकचकीत होतो. तो ग्राइंडरने खरवडून खालचं मऊ रबर वर आणायचं. केसांत, नाकात काळी पूड जायची. मग सगळ्या टायरांत सारखी हवा भरायची, टेपने घेर मोजायचा आणि खडूने टायरवर आकडा लिहायचा. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा घेराने थोडं मोठं हवं. आडवा पेला ढकलला की तो जसा स्वतःच गोल फिरतो, तशी मग गाडी आपणहून डावीकडे वळते. फरक कमी पडला तर ती सरळ भिंतीकडे जाते.

व्हीलचेअरवरून म्हातारा बघत असायचा. तिसऱ्या दिवशी मी लिहिलेला आकडा त्याने डाव्या तळव्याने पुसला. "नेय."

मी पुन्हा मोजलं. तोच आकडा. त्याने पुन्हा पुसला.

"मेनेर, मी दोनदा मोजलंय," मी म्हणाले. मी त्याला मेनेर, म्हणजे साहेब, म्हणायचे. तो म्हणाला, "नेय."

तिसऱ्यांदा पुसल्यावर मी टेप फेकला आणि तिथेच सिमेंटवर बसून रडले. टायरसाठी नव्हे. सगळीकडून नाहीच ऐकत होते, आणि आता हाही. तो थांबला. मग खुर्ची रेटत दारापाशीच्या त्या टायरजवळ आला आणि त्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी उठून हात लावला. टायर गरम होता. दारातून ऊन सरळ त्याच्यावर येत होतं आणि आतली हवा फुगून घेर वाढला होता. मी तो सावलीत ओढला. तासाभराने मोजला तर आकडा वेगळा आला. टेपचं एक टोक त्याने डाव्या हाताने धरलं होतं.

शर्यतीच्या रविवारी सराव करून मुलगी आली आणि वडिलांपाशी वाकून म्हणाली, "आपणहून वळतेय, पप्पा." त्याने माझी बाही पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. ती दुसऱ्या नंबरवर होती. दोन फेऱ्या उरल्या असताना मागच्याने तिला ठोकलं आणि गाडी भिंतीवर गेली. ती चालत बाहेर आली, पण उजवीकडची दोन्ही चाकं मोडून पडली होती. त्याच वेळी नवऱ्याचा मेसेज आला. 'तिथूनही नाही.' त्याच एका जागेवर आमची आशा होती.

आम्ही सामान बांधायला घेतलं. मुलीने वडिलांना सांगितलं. मला धीर झाला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये गेले, तर चार जुने टायर भिंतीपाशी सावलीत मांडून ठेवलेले. एका हाताने त्याने ते कसे ओढले असतील कोण जाणे.

"मेनेर, मी उद्या चालले."

त्याने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. मी टायर खरवडले, हवा भरली. मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तेव्हा गुडघ्याखाली दाबलं. चारही आकडे लिहिले आणि वाट पाहिली. निदान येऊन पुसेल असं वाटलं. त्याने मान वळवली नाही.

मी हात न धुताच घरी आले. नवरा बॅगांचं वजन करत होता. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "झालं?"

"हो," मी म्हणाले.